बरणीतली झालेवायका

बोगुमिला वाशाक या बाईला दिवसातून सात-आठ वेळा राग यायचा आणि प्रत्येक रागाची जागा ठरलेली होती. पहिला राग जिन्यातल्या न लागणाऱ्या दिव्यावर. दुसरा खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यावर आणि त्याहून जास्त कुत्र्याच्या मालकावर. तिसरा ट्रामच्या थांब्यावर, ज्या दिवशी ट्राम वेळेवर यायची त्या दिवशीसुद्धा, कारण मग तो आत बसलेल्या लोकांवर निघायचा. हे सगळे किरकोळ राग होते. चहात साखर घालावी तसे ती ते दिवसात घालून ढवळायची आणि कामाला लागायची.

खरा राग मात्र तिनं अडतीस वर्षं कुणाला दाखवला नव्हता. तो तिनं ज्या दिवशी दाखवला त्या दिवशी लोकांनी त्याचे व्हिडिओ काढले. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

बाई त्रेसष्ट वर्षांची. अठराव्या वर्षी ती पोलंडमधल्या वूच शहरात कापडगिरणीत, सूत कातायच्या रिंगखात्यात लागली. तीन पाळ्या, कानात कायमचा घुमणारा आवाज आणि तुटलेलं सूत डोळे मिटूनही सांधता येईल अशी बोटं. छत्तिसाव्या वर्षी गिरणी बंद पडली. एका शुक्रवारी सगळ्या बायका फाटकातून बाहेर आल्या आणि सोमवारी आत जायला फाटकच उघडलं नाही. पुढे बोगुमिलानं बाजारात पायमोजे विकले, लोकांचे जिने पुसले, आणि सीमा उघडल्यावर इंग्लंडच्या पूर्वेकडे सँडविचच्या कारखान्यात नऊ वर्षं काढली. तिचं इंग्रजी तिथलं. त्यात 'कृपया' फारसं नव्हतं. हलवा, थांबा, पुढे सरका, हात धुतले का, एवढ्यावर ते उभं होतं. परत आल्यावर तिच्या लक्षात आलं की पर्यटकांना हाकायला नेमकं हेच इंग्रजी लागतं.

तिला हे काम देणारा हुबेर्त एकोणतीस वर्षांचा, राजधानीचा, म्हणजे वॉर्सोचा. वूचमध्ये वॉर्सोचा माणूस म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तो दिसला की समोरच्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. पण पोरगा वाईट नव्हता. मऊ बोलायचा, मऊ स्वेटर घालायचा. पाहुण्यांना चार तास गावभर फिरवून खायला घालायचं आणि खाता खाता गावाची ओळख करून द्यायची, असा त्याचा धंदा. बाकी वाटाडे म्हणजे कॉलेजातली पोरं. ती पाठ केलेलं बोलायची. बोगुमिला पिवळी छत्री उंच धरून पुढे चालायची आणि तोंडाला येईल ते बोलायची.

पिंपातली आंबवलेली काकडी कुणी जिभेच्या टोकानं चाखून बघू लागला की ती म्हणायची, चाटू नका, चावा, ती मेलेली आहे. पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, सुरीनं कापणाऱ्याच्या हातून ती सुरी काढून घ्यायची. प्योत्रकोव्स्का रस्त्यावर, आइस्क्रीमच्या दुकानासमोर, ती छत्री खाली टेकवून सांगायची की एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात आम्ही बायका याच रस्त्यानं बाबागाड्या ढकलत मोर्चानं गेलो, कारण दुकानात फळ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या सोडून काही नव्हतं. पाहुणे माना हलवायचे. एखादा विचारायचा, मग आइस्क्रीम कुठलं चांगलं. तेही ती सांगायची. लोक तिच्यावर खूश असायचे आणि तसं लिहूनही जायचे. हुबेर्त ते वाचून तिला म्हणायचा की बोगुशाताई, तुम्ही म्हणजे सोनं आहात. ती म्हणायची, मग खणून काढायला निघू नकोस.

पण तो खणायलाच निघाला होता.

बोगुमिलाची ती बंद पडलेली गिरणी मध्ये बरीच वर्षं कबुतरांकडे होती. नंतर ती कुणीतरी विकत घेतली. विटा घासून लाल केल्या, खिडक्यांना नव्या काचा बसवल्या, वर श्रीमंतांची घरं आणि खाली फाटकाशेजारी हॉटेल. हुबेर्तनं ठरवलं की सहलीचा शेवट यापुढे त्या हॉटेलात, गावच्या झालेवायकानं करायचा. राय या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं हे सूप, त्यात बटाटा, लसूण, सुकी अळंबी. वूचच्या माणसाचं अर्धं आयुष्य यावर झालेलं असतं आणि उरलेलं अर्धं दुसऱ्याच्या घरचं कसं चुकतं हे सांगण्यात. हुबेर्तनं बाईंसाठी जुन्या बाजारातून गिरणीतला निळा झगाही आणला होता. शेवटच्या थांब्यावर तो अंगात घातलात तर वातावरण तयार होईल, असं त्यानं सुचवलं.

बोगुमिलानं झगा उलटापालटा करून पाहिला आणि हा भांडारखात्यातला आहे, रिंगखात्यातला नाही, असं सांगून परत केला. खरं म्हणजे तो रिंगखात्यातलाच होता.

पहिल्या दिवशी ती पाहुण्यांना घेऊन हॉटेलात शिरली तेव्हा ती तयारीनं आली होती. मनाशी तिनं ठरवलंच होतं की भिंतींकडे बघायचं नाही, वर छताकडे तर नाहीच. लोखंडी खांबांना काळा रंग दिला होता. जुन्या बॉबिनींचे दिवे केले होते. हे सगळं तिनं गिळलं. आठ पाहुणे लांब टेबलाला बसले आणि ओलिविया नावाची वाढपी मुलगी सूप घेऊन आली.

सूप काचेच्या बरण्यांत होतं. लोणच्या-मुरंब्याच्या बरण्या, लाकडी फळीवर ठेवलेल्या, झाकणाला सुतळी बांधलेली.

यात हॉटेलवाल्याचा दुष्टपणा नव्हता. बरणी ही या देशातली रोजची वस्तू. आई गावाहून शहरातल्या लेकाला जे काही पाठवते ते बरणीतच पाठवते. वॉर्सोत तर बाहेरगावहून आलेल्यांना 'बरण्या' म्हणूनच चिडवतात. हुबेर्तच्या लेखी ती गंमत होती, घरगुतीपणा होता. वूचच्या गिरणीच्या फाटकाशी बरणीत सूप द्यायची बुद्धी फक्त वॉर्सोच्या माणसालाच होऊ शकली असती.

बोगुमिला उभीच राहिली. मग तिनं एका डच म्हाताऱ्यापुढची बरणी उचलली. म्हातारा चमचा धरून बसला होता, तो तसाच राहिला. ती जे बोलायला लागली ते तिच्या सँडविचच्या इंग्रजीत, म्हणून तुटक होतं.

तिनं सांगितलं की जड कामाच्या खात्यांना त्या काळी गिरणी दुपारी फुकट सूप द्यायची, अंगात ताकद राहावी म्हणून. त्यात सॉसेजचे तुकडे असायचे. आणि दुकानात सॉसेज नव्हतं. तेव्हा ज्या बाईला घरी मूल आहे ती सूप प्यायची नाही. ती पाणी पाणी प्यायची, खालचं जाड बरणीत ओतायची, झाकणाखाली रबर घालायची, आणि बरणी पोटाशी बांधून वर कोट घालायची. फाटकावर दरवान. गिरणीबाहेर काही न्यायला बंदी, मग ते सूत असो की सूप. माझी मुलगी इव्होना दोन वर्षांची होती. एके दिवशी दरवानानं मला कोट उघडायला लावला. बरणी काढली. झाकण उघडलं, वास घेतला, आणि सगळं इथे ओतलं. इथे, या खिडकीखाली. तेव्हा इथे फाटकाची फरसबंदी होती.

आणि मग, आवाज जराही न चढवता, पण बरणी इतक्या जोरात टेबलावर आपटून की सूप डच म्हाताऱ्याच्या बाहीवर उडालं, ती म्हणाली, "आणि तुम्ही ही सुतळी बांधून विकता."

एका बाईनं डोळे पुसले. दोघांनी मोबाइल धरलेले होते. बोगुमिला बाहेर जाऊन अंगणात उभी राहिली.

आता आपली नोकरी जाते असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी हुबेर्तनं तिला बोलावलं तेव्हा ती पिवळी छत्री परत द्यायला घडी करून घेऊन गेली. तर हुबेर्त उठून उभा राहिला आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला की मी रात्रभर झोपलो नाही. व्हिडिओ त्यानं अकरा वेळा पाहिला होता. पाहुण्यांनी लिहिलं होतं की आयुष्यात विसरणार नाही. बुकिंग भराभर येत होतं. त्यानं तिची माफीही मागितली, आणि ती मनापासून मागितली. मग तसाच मनापासून म्हणाला,

"ताई, हे रोज जमेल का? दीडच्या सुमाराला?"

बोगुमिलाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"काय रोज जमेल?"

"म्हणजे... ती गोष्ट. बरणी उचलण्यापासून. आपटायचं जरा बेतानं, बाकी अगदी तसंच."

"राग यायला हवा ना त्याला."

"तुम्हाला तर येतोच की," हुबेर्त हसून म्हणाला, आणि यात तो खोटं बोलत नव्हता.

तिनं नाही म्हणून सांगितलं. त्यानं समजावलं. लोकांना इतिहास कळायला हवा, पुस्तकातून कोण वाचतं, तुमच्यासारख्या बायकांचा आवाज कुणीतरी ऐकायला हवा. ती म्हणाली, माझा आवाज चार जिन्यांत ऐकू जातो, त्याची काळजी करू नकोस. त्यानं पुन्हा समजावलं. शेवटी तो जरा दमून, पण तितक्याच मऊपणे म्हणाला की ठीक आहे ताई, तुमच्यावर जबरदस्ती नाही. तुम्हाला त्रास होत असेल तर ओलिविया सांगेल. ती नाटकात काम करते, झगाही तिला बरोबर बसतो. व्हिडिओ आहेच, तिनं तो पाठही केलाय.

बोगुमिला घरी गेली. त्या दिवशी जिन्यातला दिवा, कुत्रा, कुत्र्याचा मालक, सगळे तिच्या तावडीतून सुटले, कारण तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. संध्याकाळी इव्होनाचा इंग्लंडहून फोन आला. बोगुमिलानं तिला सगळं सांगितलं. इव्होनानं विचारलं, मला हे कधी का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर त्या सॉसेजसाठी मी इतकी वर्षं तुला धन्यवाद दिले असते. बोगुमिला म्हणाली की त्या दिवशी तुला सॉसेज मिळालंच नाही, तेव्हा धन्यवाद द्यायचं कारण नाही. इव्होना म्हणाली, सोड ती नोकरी आई, छत्री त्याच्या तोंडावर मार.

छत्री तोंडावर मारणं सोपं होतं. पण मग शनिवारी दीड वाजता ओलिविया निळा झगा घालून उभी राहणार, बरणी बेतानं आपटणार, आणि तिच्या तोंडून इव्होना दोन वर्षांची होणार. नंतरच्या शनिवारीही. पोरगी कामात चांगली असेल तर रडेलसुद्धा. या विचारानं बोगुमिलाच्या कानात गिरणी सुरू झाली ती थांबेना. आपली भाकरी हिसकावली तर माणूस ओरडतो. आपली लाज कुणी उचलून नेली तर काय म्हणून ओरडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सकाळी तिनं हुबेर्तला फोन केला. शनिवारी मीच सांगते म्हणाली. पण एकटीनं नाही, दरवानाचं काम तू करायचं.

हुबेर्तला आनंद झाला. त्यानं विचारलं की टोपी घालू का. ती म्हणाली, घाल.

शनिवारी बारा पाहुणे होते. त्यातल्या निम्म्यांनी व्हिडिओ पाहिलेला. सकाळपासून ते तिच्याकडे असे बघत होते जसं लोक वाफ यायची वाट बघत किटलीकडे बघतात. काकडी त्यांनी न चाटता चावली. प्योत्रकोव्स्कावर ती आइस्क्रीमच्या दुकानासमोर थांबलीच नाही. हॉटेलात शिरल्यावर सगळ्यांनी खुर्च्या खिडकीकडे वळवून घेतल्या. निळा झगा घातलेल्या ओलिवियानं बरण्या मांडल्या. हुबेर्त फाटकावरच्या माणसासारखी टोपी घालून, जरा लाजत, जरा हसत उभा राहिला. हॉटेलचा मालकही कोपऱ्यात येऊन उभा राहिला होता. फरशी नवी होती, फिकट लाकडाची, आणि सकाळीच मेण लावून पुसलेली.

बोगुमिलानं एक बरणी कोटाच्या आत धरली आणि हुबेर्तसमोर येऊन थांबली. मागे पाच पावलांवर टेबल, टेबलाशी बारा जण, आठ मोबाइल.

"कोट उघडा," हुबेर्त म्हणाला. त्याचं पाठांतर चांगलं होतं.

तिनं उघडला. बरणी त्याच्या हातात दिली. त्यानं झाकण काढलं, वास घेतला, आणि बरणी थोडी कलती करून ओतल्यासारखं केलं.

"ओत," ती पोलिशमध्ये म्हणाली.

"ताई, फरशी..."

"त्यानं ओतलं होतं. तू ओतणार आहेस की नाही?"

हुबेर्तनं मालकाकडे पाहिलं, मोबाइलांकडे पाहिलं. मोबाइल मालकापेक्षा जास्त होते. त्यानं ओतलं. सूप पसरलं, बटाट्याच्या फोडी घरंगळत खुर्चीच्या पायाशी गेल्या. लसणाचा आणि आंबूस पिठाचा वास खोलीभर झाला. कुणीतरी अस्फुट 'अरे' म्हणालं.

"आता म्हण, पुस."

"हे व्हिडिओत नव्हतं," हुबेर्त हळू म्हणाला.

"नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. म्हण."

तो म्हणाला. फार हळू म्हणाला, पण म्हणाला.

मग बोगुमिला पाहुण्यांकडे वळली आणि इंग्रजीत बोलू लागली. त्यानं मला पुसायला लावलं, गळ्यातल्या रुमालानं, आणि मी पुसलं. त्याचे बूटही पुसले. माझ्यामागे रांगेत वीस बायका होत्या. माझ्याच खात्यातल्या, रोज माझ्याबरोबर पाव वाटून खाणाऱ्या. एक जण बोलली नाही. का, तर प्रत्येकीच्या कोटाखाली बरणी. त्यांना वाटत होतं, हिच्यात वेळ जातोय तर बरं, आपण सुटू. आणि सुटल्या. नऊ दिवसांनी त्यांच्यातल्याच हालिनाला पकडलं. तेव्हा मी रांगेत होते. चौथी. माझ्याही पोटाशी बरणी होती, आणि मी माझ्या बुटांकडे बघत उभी राहिले. ती गुडघ्यावर बसून पुसत होती आणि मी मनात म्हणत होते, लवकर पूस, ट्राम जाईल.

"हे मला रोज दीड वाजता सांगायला सांगतायत," ती म्हणाली. "आज तुम्ही रांगेत उभे होतात. मजा आली ना?"

पुढे बसलेल्या एका आयरिश बाईनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. तिच्या शेजारच्यानं ठेवला नाही, उलट आणखी जवळ आणला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच ठरवता येईना. एका कोपऱ्यातून दोन टाळ्या आल्या आणि थांबल्या.

ओलिविया पोछा घेऊन धावत आली. बोगुमिलानं हात आडवा केला.

"त्याच्याकडे दे."

ओलिविया वूचची होती. तिची आजी कुठल्या गिरणीत होती हे बोगुमिलाला माहीत नव्हतं, विचारायलाही ती थांबली नाही. पण पोरीनं एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा हुबेर्तकडे, आणि पोछा हुबेर्तच्या हातात दिला. मग अंगातला निळा झगा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. हुबेर्त टोपी न काढताच गुडघ्यांवर बसून पुसायला लागला. त्याला पोछा पिळता येत नव्हता. सूप एका जागेवरून दुसऱ्या जागी जात होतं.

"ताई, मला खरंच चांगलंच करायचं होतं," तो खालूनच म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर तुला पुसता येत नाहीये. त्या दरवानाला आलं असतं," बोगुमिला म्हणाली. पुढे तिला आणखी काही तरी म्हणायचं होतं, पण ते पोलिशमध्येही सापडेना. तिनं छत्री टेबलावर ठेवली आणि पाहुण्यांना सांगितलं की सहल संपली, मुतारी डावीकडे आहे, बाहेर पडताना उजवीकडून पडा, डावीकडे रस्ता खणलाय.

ती फाटकातून बाहेर आली. मन हलकं वगैरे काही झालं नव्हतं. उलट राग जिथल्या तिथे होता, आणि आता त्यात हालिनाही आली होती, जी इतकी वर्षं निदान झोपलेली तरी होती. उद्यापासून काय करायचं हेही ठरलेलं नव्हतं. ओलिविया गोष्ट सांगणार नाही एवढं पक्कं वाटत होतं. दुसरी कुणी सांगेल का, ते हुबेर्तला आणि त्याच्या गुडघ्यांना माहीत.

ट्राम आली. आत एका तरुणानं शेजारच्या जागेवर आपली पिशवी बसवली होती. बोगुमिलानं त्याला विचारलं की पिशवीनं तिकीट काढलंय का, काढलं असेल तर दाखव, आणि नसेल काढलं तर तिला उभी कर, तिचे पाय माझ्यापेक्षा तरुण आहेत. त्यानं पिशवी उचलली. ती बसली, आणि पुढच्या थांब्यापर्यंत त्याला या गावात मुलांना कसं वाढवतात ते सांगत राहिली.